गाडीचं अपडेट अडकलंय? इलेक्ट्रिक गाडीच्या ओटीए (म्हणजे इंटरनेटवरून येणाऱ्या) अपडेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपडेट येत नाही, आलं तर उतरत नाही, उतरलं तर बसत नाही, आणि बसलं की गाडी वेगळीच वागायला लागते. अशा तक्रारींचे जे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केलेत, आधी साधे आणि मग किचकट. मेनूची नावं आणि बटणं कंपनीप्रमाणे बदलतात, आतली पद्धत मात्र बऱ्यापैकी सारखीच असते. तुमची गाडी आत्ता अपडेटच्या मध्येच अडकून उभी असेल तर बाकीचं सगळं राहू द्या, थेट प्रश्न ९ वाचा, आणि तो वाचून होईपर्यंत १२ व्होल्टच्या बॅटरीची वायर काढू नका.

१. ओटीए अपडेट म्हणजे मोबाईलच्या अपडेटसारखंच ना? त्यात एवढं घाबरायचं काय?

घाबरायचं काही नाही पण फरक मोठा आहे. गाडीत दोन प्रकारचं सॉफ्टवेअर असतं. एक स्क्रीनचं, म्हणजे मॅप, गाणी, ॲप, आवाजाने दिलेल्या सूचना वगैरे. दुसरं गाडी चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरांचं, ज्यांना ईसीयू म्हणतात: मोटर, ब्रेक, चार्जिंग, बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा. पहिल्या प्रकारचं अपडेट बिघडलं तर स्क्रीन रुसते, दुसऱ्या प्रकारचं बिघडलं तर गाडी जागची हलत नाही. म्हणून अपडेटसोबत येणाऱ्या माहितीत नेमकं काय बदलणार आहे ते इन्स्टॉल दाबायच्या आधी वाचा, नंतर नाही.

हे बदल किती खोलवर जातात त्याचं एक उदाहरण. २०१८ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकन ग्राहक संस्थेने टेस्ला मॉडेल ३ चे ब्रेक तपासले तेव्हा ताशी ६० मैल वेगावरून थांबायला गाडीला १५२ फूट लागले. कंपनीने ओटीए अपडेट पाठवलं, परत चाचणी झाली, तेव्हा १३३ फूट. गाडी गॅरेजला न नेता थांबण्याचं अंतर जवळपास ६ मीटरने कमी झालं.

२. काल "अपडेट डाउनलोड झालं" असं दिसलं पण गाडीत काहीच बदललेलं नाही. फसलं का?

नाही, अर्धंच काम झालंय. डाउनलोड आणि इन्स्टॉल या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. डाउनलोड मागे चालू राहतं, बऱ्याच गाड्यांत तर तुम्ही गाडी चालवत असतानाही. इन्स्टॉलला मात्र गाडी उभी लागते आणि तुमची परवानगी लागते. स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये "आत्ता करा" किंवा "वेळ ठरवा" असं कुठेतरी वाट बघत असेल. तिथे दाबल्यावरही नाही झालं तर प्रश्न ७.

३. मित्राची आणि माझी गाडी सेम मॉडेल, सेम वर्ष. त्याला अपडेट येऊन आठवडा झाला, मला अजून नाही. असं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. कंपन्या अपडेट सगळ्यांना एकदम सोडत नाहीत, आधी थोड्या गाड्यांना, मग काही गडबड दिसली नाही तर पुढच्या गटाला. आणि असंच करायला पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिव्हियन या अमेरिकन इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीचं २०२३.४२ हे अपडेट चुकीच्या सिक्युरिटी सर्टिफिकेटसह बाहेर पडलं आणि ज्या गाड्यांना ते पोचलं त्यांच्या स्क्रीन बंद पडल्या. कंपनीने वाटप मध्येच थांबवलं म्हणून बाकीच्या गाड्या वाचल्या. ज्यांना ते "उशिरा" येणार होतं ते त्या दिवशी सुखात होते.

दुसरं कारण, बाहेरून सेम दिसणाऱ्या दोन गाड्यांच्या आत चिप, कॅमेरा किंवा बॅटरी वेगळी असू शकते, त्यामुळे त्यांची अपडेटही वेगळी. "अपडेट तपासा" हे बटण दहादा दाबून नंबर पुढे सरकत नाही. महिना-दोन महिने झाले, ओळखीच्या सगळ्यांना आलं आणि तुम्हाला नाही, अशी वेळ असेल तर मात्र गाडी सर्व्हरशी बोलतेय का ते बघा. ॲपमध्ये गाडीची बॅटरी किती टक्के ते ताजं दिसतंय का? जुनंच दिसत असेल तर अडचण नेटवर्कची किंवा अकाउंटची आहे (प्रश्न ५ आणि १९).

४. गाडी वायफायला जोडली आहे असं दाखवते तरी डाउनलोड सुरू होत नाही, किंवा अर्ध्यावर थांबतं. काय करू?

यात बरीच कारणं दडलेली असतात, एकेक करून बघा.

आधी सिग्नल. फोनला घरात पूर्ण कांड्या दिसतात म्हणून गाडीला दिसतील असं नाही, मध्ये काँक्रीटची भिंत असते, लोखंडी शटर असतं आणि गाडी स्वतःच पत्र्याचा डबा आहे. फोन घेऊन गाडीत बसा, दारं लावा आणि फोनवर स्पीड तपासा, म्हणजे गाडीला काय मिळतंय याचा अंदाज येईल. राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल तर भिंतीपलीकडे तो लवकर दम तोडतो, २.४ गिगाहर्ट्झ हळू पण लांब जातो. काही जुन्या गाड्यांना तर ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. दोन्हीचं नाव एकच ठेवलं असेल तर २.४ ला वेगळं नाव देऊन गाडी फक्त त्यालाच जोडून बघा.

मग लॉगिनचं पान. हॉटेल, मॉल, ऑफिस इथलं वायफाय जोडल्यावर ब्राउझरमध्ये नंबर किंवा ओटीपी मागतं, गाडी बहुतेक वेळा ते पान उघडू शकत नाही. जोडलेलं दिसतं, पण पुढे इंटरनेट नसतंच.

फोनच्या हॉटस्पॉटचं वेगळंच. आयफोन असेल तर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये सुसंगतता वाढवणारा पर्याय चालू करा, त्याने हॉटस्पॉट २.४ वर येतो. आणि डाउनलोड होईपर्यंत फोन गाडीजवळच ठेवा, लोक हॉटस्पॉट चालू करतात आणि फोन खिशात घालून वर निघून जातात. काही गाड्या ड्राइव्हमध्ये टाकलं की वायफाय आपोआप सोडतात. टेस्लामध्ये त्या नेटवर्कपुरतं "ड्राइव्हमध्येही जोडलेलं ठेवा" असा पर्याय आहे, हॉटस्पॉटवर चालता चालता डाउनलोड करायचं तर तो चालू लागतो.

एवढं करूनही होत नसेल तर गाडीतून ते नेटवर्क "विसरा", राउटर बंद-चालू करा आणि परत जोडा. राउटरवर व्हीपीएन, मुलांसाठीचं फिल्टर किंवा फक्त डब्ल्यूपीए३ सुरक्षा लावली असेल तर थोडा वेळ काढून बघा. आणि गाडी झोपली की डाउनलोडही थांबतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

५. गाडीत कंपनीचं सिम आहे की, मग वायफाय कशाला मागते?

डेटाचे पैसे कंपनी भरते म्हणून. मोठी अपडेट बऱ्याच कंपन्या वायफायवरच देतात किंवा वायफायवाल्यांना आधी देतात. आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये सिमला नेटवर्कच नसेल तर तेही निरुपयोगी, अशा वेळी गाडी तासभर उघड्यावर उभी करून बघा.

जुन्या गाडीत अजून एक गोष्ट होते, सिम ज्या नेटवर्कवर चालतं ते नेटवर्कच बंद होतं. अमेरिकेत २०२२ मध्ये ३जी बंद झालं तेव्हा बऱ्याच गाड्यांचा संपर्क तुटला, आणि ब्रिटनमध्ये २०१६ आधीच्या निसान लीफची ॲप सेवा २०२४ मध्ये बंद झाली कारण त्या गाड्यांतला मोडेम २जीचा होता. असं असेल तर कितीही रीस्टार्ट करा, उपयोग नाही, मोडेम बदलून मिळतो का एवढंच विचारायचं.

६. एक-दोन जीबीची फाइल, फोनमध्ये दहा मिनिटांत होतं. गाडीला एवढा वेळ का?

फाइल उतरवणं सोपं असतं, ती आतल्या ईसीयूंपर्यंत पोचवणं वेळखाऊ. गाडीतले हे छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी कॅन नावाच्या वायरिंगवरून बोलतात आणि जुन्या धाटणीच्या कॅनचा नेहमीचा वेग सेकंदाला ५०० किलोबिट. त्यातला अर्ध्याच्या आसपास वेग खऱ्या डेटाला मिळतो, म्हणजे १० एमबी पाठवायलाच पाच-सहा मिनिटं. त्यात जुनं पुसा, नवं लिहा, मग बरोबर लिहिलं गेलंय का ते तपासा, आणि असे डझनभर ईसीयू एकामागोमाग. साधं अपडेट साधारण अर्ध्या-पाऊण तासात होतं, सगळ्या गाडीचं मोठं अपडेट असेल तर काही तासही लागू शकतात. स्क्रीनवर जो वेळ लिहिलाय त्याच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवूनच सुरू करा, आणि सकाळी लवकर निघायचं असेल त्याच्या आदल्या रात्री तर नकोच.

७. इन्स्टॉल दाबलं की "अटी पूर्ण नाहीत" म्हणते पण कोणती अट ते सांगत नाही!

ही कंपन्यांची वाईट सवय आहे, कारण सांगितलं तर अर्ध्या तक्रारी कमी होतील. तर तुम्हीच तपासा: गिअर पी मध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला, सगळी दारं, डिकी आणि बॉनेट पूर्ण बंद (बॉनेट नुसतं टेकलेलं असतं आणि लक्षातच येत नाही). मोठी, म्हणजे गाडी चालवणारी बॅटरी ठराविक टक्क्यांच्या वर लागते, तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. एसी लांबून चालू केलेला, कॅम्प मोड, गाडीतून बाहेर वीज देणारी सोय, यातलं काही चालू असेल तर बंद करा. गाडी नुकतीच लांबून आली असेल तर थोडी थंड होऊ द्या.

आणि ओबीडी पोर्टला (स्टिअरिंगखालचं, गाडी तपासायचं मशीन जोडायचं सॉकेट) काही लावलंय का? ट्रॅकर, ब्लूटूथ डोंगल, विमा कंपनीचं यंत्र, ते काढून ठेवा. ईसीयूला अपडेट चालू असताना त्याच वायरिंगवर तिसरं कोणी प्रश्न विचारत बसलेलं चालत नाही. हे सगळं ठीक असेल तर राहते १२ व्होल्टची बॅटरी, खालचा प्रश्न.

८. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली आहे आणि गाडी म्हणते "बॅटरी कमी, अपडेट होणार नाही". हा काय प्रकार?

गाडी छोट्या बॅटरीबद्दल बोलतेय. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते आणि सगळे ईसीयू, स्क्रीन, कुलुपं तिच्यावरच चालतात. एरवी मोठी बॅटरी तिला भरत राहते, पण अपडेटच्या काही टप्प्यांत मोठ्या बॅटरीचा संपर्क तोडावा लागतो, कारण तो संपर्क जोडणारं-तोडणारं सॉफ्टवेअरच बदलायचं असतं. तेवढा वेळ सगळा भार छोट्या बॅटरीवर. ती थकलेली असेल तर मध्येच व्होल्टेज कोसळतं आणि एखादा ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो. म्हणून गाडी आधीच नाही म्हणते, आणि ती बरोबर करते. वारंवार फसणाऱ्या अपडेटमध्ये मी सगळ्यात आधी हीच बॅटरी तपासायला सांगेन, सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी.

तपासायचं कसं: गाडी काही तास शांत उभी असताना साध्या मल्टिमीटरने मोजा. लेड ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली गेली तर तिच्या भरवशावर अपडेट करू नका. मोजताना १३.५ किंवा १४ दिसलं तर गाडी जागी आहे आणि बॅटरी चार्ज होतेय, तो आकडा धरू नका, गाडी झोपल्यावर परत मोजा. थंडीत लेड ॲसिडची ताकद अजून कमी होते. नव्या काही गाड्यांत छोटी बॅटरी लिथियमची असते, टेस्लाच्या नव्या गाड्यांत ती साधारण १५-१६ व्होल्टची आहे, तिला हे आकडे लागू नाहीत.

तात्पुरता उपाय म्हणजे अर्धा-पाऊण तास गाडी चालवून आणा, किंवा "रेडी" मध्ये, म्हणजे चालू करून, उभी ठेवा, मग लगेच अपडेट करा. पण छोटी बॅटरी नवीन असूनही पुन्हा पुन्हा उतरत असेल तर तिला भरणारी यंत्रणा तपासून घ्या. ह्युंदाई आयोनिक ५, आयोनिक ६ आणि किया ईव्ही६ मध्ये आयसीसीयू नावाचा भाग बिघडून १२ व्होल्टची बॅटरी भरायची थांबायची, त्यासाठी २०२४ मध्ये अमेरिकेत रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघाला. असा दोष असेल तर चालता चालता गाडीची ताकद जाऊ शकते, तेव्हा हे "पुढच्या महिन्यात बघू" वर टाकू नका.

९. अपडेट ४५ टक्क्यांवर तासभर अडकलंय. बंद करून चालू करू का?

नको. आधी वाट बघा. टक्केवारी दिसते तशी सरळ वाढत नाही, बऱ्याच गाड्यांत ती "किती ईसीयू झाले" यावर पुढे सरकते आणि एखादा मोठा ईसीयू आला की आकडा बराच वेळ हलत नाही. मध्ये स्क्रीन काळी होणं, पंख्याचा किंवा खालून टकटक असा आवाज येणं, दिवे लागून विझणं हे सगळं होतं, ते बिघाडाचं लक्षण धरू नका.

गाडीने सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ जाऊ द्या. तोवर दारं सारखी उघडझाप करू नका, ॲपमधून कमांड पाठवू नका, स्क्रीन रीस्टार्टची बटणं दाबू नका, आणि १२ व्होल्टची वायर काढणं तर अजिबात नाही. इंटरनेटवर "वायर काढली आणि झालं" असं सांगणारे भेटतील, त्यांचं झालं कारण त्या क्षणी काही लिहिलं जात नव्हतं. तुमचा ब्रेकचा ईसीयू लिहिला जात असेल तर त्याला जिवंत करायला मग तो खोलूनच काढावा लागू शकतो.

दुप्पट वेळही गेला? स्क्रीनचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि कंपनीच्या मदत नंबरवर फोन करा. गाडी सर्व्हरशी बोलत असेल तर त्यांना पुष्कळदा दिसतं की ती कुठल्या टप्प्यावर आहे, आणि काही कंपन्या लांबूनच अपडेट परत सुरू करून देतात. गाडी पूर्ण मेलेली असेल, म्हणजे दार उघडत नाही, दिवा नाही, तर छोटी बॅटरी गेली असं समजा, रोडसाइड असिस्टन्स बोलवा आणि येणाऱ्या माणसाला आधीच सांगा की गाडी अपडेटच्या मध्ये होती. तो नुसतं टोचन लावून ओढायला लागला तर थांबवा, बहुतेक इलेक्ट्रिक गाड्या चाकं जमिनीला टेकवून ओढायच्या नसतात.

१०. "अपडेट अयशस्वी" असा मेसेज आला पण गाडी चालू होतेय. चालवू का?

लाल इशारा, ब्रेक, स्टिअरिंग किंवा एअरबॅगचा दिवा नसेल तर हो. बऱ्याच गाड्यांत सॉफ्टवेअरसाठी दोन कप्पे असतात, एकावर गाडी चालते आणि नवं दुसऱ्यावर लिहिलं जातं, नीट बसलं नाही तर गाडी जुन्यावरच राहते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम १५६ मध्ये हे लिहिलेलंच आहे: अपडेट फसलं तर गाडी आधीच्या व्हर्जनवर परत जायला हवी किंवा सुरक्षित अवस्थेत, आणि काम पूर्ण होईल एवढी वीज नसेल तर अपडेट सुरूच व्हायला नको. युरोपियन युनियनमध्ये जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना हा नियम लागू आहे.

वरचा कोणताही दिवा लागलेला असेल तर मात्र गाडी "चालते" यावर जाऊ नका, उभी ठेवा.

११. अपडेटनंतर स्क्रीन काळी, गाडी मात्र चालते.

आधी स्क्रीन रीस्टार्ट करा (अपडेट नक्की संपलंय ना, एवढं बघून). टेस्लामध्ये स्टिअरिंगवरची दोन्ही छोटी फिरती बटणं स्क्रीन काळी होऊन लोगो येईपर्यंत दाबून धरायची, इतर गाड्यांत पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद. मग गाडी लॉक करून, चावी लांब ठेवून अर्धा तास झोपू द्या, पुष्कळदा तेवढ्यानेच होतं.

स्क्रीनशिवाय चालवायची झाली तर लक्षात ठेवा की वेग, मागचा कॅमेरा, काचेवरचं धुकं काढायचं बटण, इंडिकेटरचा आवाज असं बरंच काही तिच्यावरच असू शकतं. आणि हे दर थोड्या दिवसांनी होत असेल तर दोष हार्डवेअरचाही असतो. जुन्या टेस्ला मॉडेल एस आणि एक्समधली ८ जीबीची मेमरी लिहून लिहून झिजायची आणि स्क्रीन बंद पडायची, २०२१ मध्ये अमेरिकेत जवळपास १ लाख ३५ हजार गाड्यांचा त्यासाठी रिकॉल झाला.

१२. इन्स्टॉल चालू असताना गाडीत बसून राहिलं तर चालतं का?

नका बसू. काचा, कुलुपं, एसी काही काळ बंद असू शकतात. जानेवारी २०१९ मध्ये बीजिंगच्या चांगआन रस्त्यावर निओ ईएस८ या चिनी इलेक्ट्रिक गाडीत बसलेल्यांनी वाटेतच अपडेट सुरू केलं आणि तासाहून जास्त वेळ गाडी तिथेच, काचाही खाली होईनात. लहान मूल किंवा पाळीव प्राणी आत ठेवून तर कधीच करू नका. आतून दार उघडायचा यांत्रिक खटका कुठे आहे तो घरातल्या सगळ्यांना आजच दाखवून ठेवा, अपडेट असो नसो.

१३. चार्जिंगला लावून अपडेट करू की काढून?

गाडीगणिक वेगळं. टेस्ला इन्स्टॉल सुरू झालं की चार्जिंग थांबवते आणि संपल्यावर आपोआप परत सुरू करते. काही गाड्यांना वायर काढलेलीच लागते, नाहीतर प्रश्न ७ मधला मेसेज येतो. सार्वजनिक फास्ट चार्जरवर मात्र करू नका, गाडी तिथून हलवता येणार नाही आणि मागचे ताटकळत बसतील.

१४. अपडेट केलं आणि रेंज कमी दाखवतेय. बॅटरी खराब केली का त्यांनी?

बहुतेक वेळा नाही. रेंजचा आकडा हा अंदाज असतो, तुमच्या आधीच्या चालवण्यावरून काढलेला, आणि अपडेटने तो हिशेब पुसला जातो किंवा हिशेबाची पद्धतच बदलते. काही दिवस नेहमीसारखी चालवा, रेंजऐवजी किलोमीटरला किती वॅट-अवर खर्च होतात तो आकडा बघा. तो आधीसारखाच असेल तर खर्च वाढलेला नाही.

पण कंपनी कधीच असं करत नाही असं मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये टेस्लाच्या एका अपडेटनंतर काही जुन्या मॉडेल एसची चार्ज होण्याची वरची मर्यादा खाली आली, मालक कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये कंपनीने तडजोड केली. म्हणून अपडेटच्या आधी १०० टक्क्यांना किती किलोमीटर दिसतात आणि ठराविक टक्के भरायला किती युनिट लागतात ते लिहून ठेवायची सवय लावा. नंतर भांडायचं झालं तर हातात काहीतरी पाहिजे.

१५. फोनने गाडी उघडत नाही, सीटची सेटिंग गेली, ब्लूटूथ तुटलं.

फोन आणि गाडी दोन्हीकडून जुनी जोडणी काढा (एकाच बाजूने काढली तर अडतं), ॲप अपडेट करा, परत जोडा. सेटिंगचे फोटो आधीच काढून ठेवले तर दहा मिनिटांचं काम. अपडेट करताना खरी चावी किंवा कार्ड खिशात असू द्या, गाडीच्या आत नाही. आणि ड्रायव्हरला मदत करणाऱ्या गोष्टी, लेन असिस्ट, रिजन (पाय काढल्यावर मोटरनेच गाडी हळू करून बॅटरी भरणारी सोय), स्पीडचा इशारा, हे पुन्हा मूळ सेटिंगवर गेलेत का ते निघण्याआधी बघा. रिजन कमी झालेलं असेल तर पाय काढल्यावर गाडी सवयीप्रमाणे थांबणार नाही.

१६. अपडेटनंतर उभ्या गाडीची बॅटरी रोज उतरते.

पहिले एक-दोन दिवस थोडं चालतं, नंतरही होत असेल तर गाडी झोपत नाहीये. कॅमेऱ्याची पाळत चालू झालीय का, आणि फोनवर एखादं तिसऱ्या कंपनीचं ॲप गाडीला सारखं उठवतंय का ते बघा. कंपनीच्या अकाउंटचा पासवर्ड बदलला की अशी ॲप बहुतेक तुटतात. दोन रात्री बघा, थांबलं तर चोर सापडला.

१७. जुनं व्हर्जन बरं होतं, परत टाकता येईल?

तुम्हाला नाही. सुरक्षेतलं भोक बुजवल्यावर तेच भोक परत उघडता येऊ नये म्हणून गाड्या मागचं व्हर्जन स्वीकारतच नाहीत. नेमकी अडचण लिहून तक्रार करणं एवढाच मार्ग (प्रश्न २२).

१८. मग अपडेट केलंच नाही तर?

मॅप किंवा गेमचं असेल तर खुशाल थांबा, दोन आठवडे थांबून इतरांचे अनुभव वाचणं मला शहाणपणाचंच वाटतं. रिकॉलचं असेल तर थांबू नका. आता रिकॉलसुद्धा ओटीएने येतात: डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत ऑटोपायलटसाठी २० लाखांवर गाड्यांचा रिकॉल असाच केला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इशाऱ्यांच्या अक्षरांचा आकार लहान होता म्हणून साधारण २२ लाख गाड्यांचा. शिवाय काही कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटींत अपडेट न केल्याचा उल्लेख असतो, त्या वाचा.

१९. सेकंडहँड घेतली, अपडेटच येत नाहीत.

गाडी अजून जुन्या मालकाच्या अकाउंटवर असेल किंवा कनेक्टेड सेवेची मुदत संपली असेल. मालकी कंपनीच्या सिस्टिममध्ये बदलून घ्या, गाडीच्या कागदांवर नाव बदललं म्हणून तिथे आपोआप बदलत नाही. तोवर जुना मालक ॲपमधून गाडी कुठे आहे ते बघू शकतो, म्हणून हे काम व्यवहाराच्या दिवशीच करा.

२०. गाडी दुसऱ्या देशातून आणलेली आहे.

मग अडचण खरी आहे. मोडेमच्या फ्रिक्वेन्सी, मॅप, चार्जिंगचे नियम, दिव्यांचे नियम सगळं देशाप्रमाणे वेगळं, त्यामुळे काही गाड्यांना नव्या देशात अपडेट मिळतच नाही. कोणी "गाडीचा देश बदलून देतो" म्हणून लॅपटॉप जोडत असेल तर नाही म्हणा, पुढचं खरं अपडेट आलं की गाडी तिथेच अडकायची.

२१. मेसेजमध्ये अपडेटची लिंक आली आहे, कोणीतरी यूएसबीसाठी फाइल पण पाठवली. चालेल?

लिंक उघडू नका. अपडेट गाडीच्या स्क्रीनवर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये येतं. यूएसबीने करायची सोय काही कंपन्या देतात, पण फाइल फक्त त्यांच्याच साइटवरून घ्यायची. फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते, ती जुळली नाही तर गाडी फाइल नाकारते, म्हणून खोट्या फाइलने गाडी बदलणं अवघड. तुमचा पासवर्ड पळवणं सोपं, आणि अशा लिंक त्यासाठीच असतात.

२२. सर्व्हिस सेंटरवाले प्रत्येक गोष्टीला "पुढच्या अपडेटमध्ये ठीक होईल" म्हणतात. काय करायचं?

लेखी मागा. तक्रार तोंडी सांगून निघून येऊ नका, जॉब कार्डवर लिहून घ्या आणि त्याची प्रत घ्या. त्यात एवढं असू द्या: गाडीचा व्हीआयएन (चासी नंबर), आत्ताचं सॉफ्टवेअर व्हर्जन, त्याआधीचं व्हर्जन, बिघाडाची तारीख आणि वेळ मिनिटासकट (गाडीच्या आतल्या नोंदी वेळेवरूनच शोधतात), किलोमीटर, आणि स्क्रीनचा फोटो किंवा व्हिडिओ. "कधीकधी हँग होते" असं लिहिलं तर कोणी शोधणार नाही, "रिव्हर्स टाकल्यावर कॅमेरा १० सेकंद काळा, सकाळी ८:१४" असं लिहिलं तर शोधतात.

मग विचारा की ही कंपनीला माहीत असलेली अडचण आहे का, त्यावर टेक्निकल बुलेटिन (कंपनीने सर्व्हिस सेंटरना पाठवलेली दुरुस्तीची सूचना) निघालंय का, आणि वर्कशॉपच्या मशीनने वायर जोडून अपडेट करता येतं का. ओटीएने तीनदा फसलेलं अपडेट तिथे स्थिर वीजपुरवठा लावून एका फेरीत होतं असं पुष्कळदा घडतं. ब्रेक, स्टिअरिंग किंवा चालता चालता ताकद जाण्याची तक्रार असेल तर पुढच्या अपडेटची वाट बघायला तयार होऊ नका, गाडी तिथेच ठेवा, बदली गाडी मागा, आणि तुमच्या देशात वाहन सुरक्षेची जी सरकारी यंत्रणा असेल तिथेही तक्रार नोंदवा. रिकॉल अशाच एकेक नोंदलेल्या तक्रारींवरून सुरू होतात.